पावसाळी मार्गबंदी आणि डोंगरावरील लोकांचा वावर : माहूर ते सह्याद्री – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हिमालय, आल्प्स किंवा रॉकी पर्वताच्या प्रदेशात हिवाळा सुरू झाला की उंचावरील खिंडी बर्फाने भरतात व रस्ते वाहतुकीस बंद होतात. अशा वेळी बर्फावरील भ्रमंती व स्कीइंग करणाऱ्यांचा डोंगरावर जाण्याचा मार्गच खुंटतो. त्यामुळे ‘रस्ता बंद करणे’ आणि ‘डोंगर बंद करणे’ या दोन गोष्टी एकच आहेत काय, असा प्रश्न तेथे वारंवार उपस्थित होतो. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही; परंतु ऋतूमुळे डोंगराची वाट बंद होणे हा अनुभव येथील समाजाला नवा नाही. आपल्याकडे हा ऋतू पावसाळ्याचा आहे. घाटात दरड कोसळते, नदीनाल्यांना पूर येतो, पायवाटा निसरड्या होतात आणि जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते.

या प्रश्नाची चर्चा बहुधा दुर्घटना घडल्यानंतर होते व पुढील दुर्घटनेपर्यंत थांबते. तिच्यामागे मोठा इतिहास आहे, याची जाणीव त्या चर्चेत क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात नांदेड जिल्ह्यातील माहूर हे क्षेत्र मध्यवर्ती धरून, लातूर-नांदेड परिसर व सह्याद्री यांच्या अनुभवांच्या आधारे पावसाळी मार्गबंदीचा ऐतिहासिक विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. ऋतूनुसार होणाऱ्या मार्गबंदीच्या परंपरागत पद्धतीचे स्वरूप पाहणे.
२. निजामी व ब्रिटिश राजवटीत डोंगर आणि जंगल यांतील प्रवेशाचे नियमन कसे बदलले, याचा शोध घेणे.
३. आजच्या मनाई आदेशांची त्या परंपरेशी तुलना करून सार्वजनिक प्रवेशाच्या दृष्टीने काही निष्कर्ष काढणे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती

लेखाची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे. बखरवाङ्मय, राजनीतिपर ग्रंथ, प्रशासकीय इतिहास व प्रचलित कायदे यांतील माहितीचा येथे उपयोग केला आहे. ‘सार्वजनिक प्रवेश’ या संज्ञेत यात्रेकरू व गिरिभ्रमण करणारे यांच्याबरोबरच डोंगरात कायम राहणाऱ्या लोकांचाही समावेश केला आहे. त्यांना वगळून या विषयाचा विचार पूर्ण होत नाही, ही लेखामागील मुख्य भूमिका आहे.

चातुर्मास : मार्गबंदीचे जुने पंचांग

भारतीय समाजात पावसाळ्यातील प्रवासबंदी कोणा अधिकाऱ्याच्या हुकमाने सुरू झाली नाही. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, जैन साधूंचा चातुर्मास आणि हिंदू संन्याशांचे एका ठिकाणचे वास्तव्य या तिन्ही परंपरांनी पावसाचे महिने स्थिर राहण्याचे मानले. ओल्या जमिनीवरील जीवजंतू पायाखाली येऊ नयेत, ही त्यामागील एक धारणा होती. वाटा चालण्याजोग्या राहत नसत, हे व्यावहारिक कारणही तेवढेच खरे होते. आषाढी एकादशीला सुरू होणारा आणि कार्तिकी एकादशीला संपणारा हा काळ सर्वांना आधीपासून ठाऊक असे. बंदी केव्हा लागणार आणि केव्हा उठणार, हे पंचांगच सांगत असे.

लष्करी व्यवहारातही हेच दिसते. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त वर्णिली आहे. तीनुसार पर्जन्यकाळात फौज छावणीला परत येई व दसऱ्याला पुन्हा मुलूखगिरीसाठी बाहेर पडे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचा विधी आज प्रतीकात्मक उरला असला, तरी त्यामागे वाटा मोकळ्या झाल्याची वस्तुस्थिती होती. नद्या उतरलेल्या, चिखल वाळलेला आणि घाट पुन्हा चढण्याजोगे झालेले असत.

या पंचांगाला एक मोठा अपवाद होता व तो महत्त्वाचा आहे. वारकरी संप्रदायाची प्रमुख यात्रा पावसाळ्याच्या प्रारंभीच, आषाढात होते. साधुसंतांनी एका ठिकाणी राहावे अशा काळात सामान्य शेतकरी पेरणी आटोपून पायी पंढरीस निघतो. पावसाळ्यात प्रवास करू नये हा नियम समाजाने मान्य केला होता. परंतु श्रद्धेने ठरविलेल्या ठरावीक वाटेवर, समूहाने व शिस्तीने चालण्यास त्याने मुभाही ठेवली होती. जुन्या पद्धतीत बंदी आणि वाट या दोहोंची तरतूद बरोबरीने होती.

गडांच्या वाटा आणि सत्तेचे नियंत्रण

डोंगरावरील प्रवेशावर सत्तेचे नियंत्रण हा मात्र ऋतूपेक्षा वेगळा विषय आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. गडाची वाट सुगम नसावी, ही त्यातील दृष्टी आहे. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद होत आणि सकाळी उघडत. रायगडावरील हिरकणीची कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, दरवाजा मिटल्यावर कोणासही वाट नाही हा नियम लोकांच्या स्मरणात किती खोल रुजला होता, याची ती साक्ष आहे. त्या कथेत नियम कठोर असला तरी त्याची वेळ सर्वांना माहीत आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

डोंगरी वाट रोखून धरण्याचे सामर्थ्य किती निर्णायक असते, याचे उदाहरण माहूरच्या इतिहासाशीही जोडलेले आहे. माहूरच्या उदाराम घराण्यातील सावित्रीबाई ‘रायबागन’ या किताबाने ओळखल्या जात. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाच्या मोगली फौजेबरोबर त्या कोकणात उतरत असता उंबरखिंडीच्या अरण्यात शिवाजी महाराजांच्या सैन्याने पुढची व मागची वाट रोखली आणि खानाला शरण यावे लागले. पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगराळ मुलखाशी परिचित असलेल्या या स्त्रीनेच खानाला शरणागतीचा सल्ला दिला, असे सांगितले जाते.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर ब्रिटिशांनी अनेक डोंगरी किल्ल्यांचे तट पाडले व कड्यांतील पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या. नाशिक-नगर भागातील काही दुर्गांवर त्या तुटलेल्या पायऱ्या आजही दिसतात. ऋतूने बंद झालेली वाट ऋतू पालटताच उघडते. सत्तेने उडविलेली पायरी मात्र पुन्हा उघडत नाही. आज तेथे दोर लावून चढणारे गिर्यारोहक दोन शतकांपूर्वीच्या त्या मार्गबंदीलाच सामोरे जात असतात.

ब्रिटिशांनी दुसरीकडे नव्या वाटाही बांधल्या. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० मध्ये बोरघाटातून चाकांच्या वाहनांचा रस्ता खुला झाला व त्याच सुमारास महाबळेश्वर येथे थंड हवेचे ठिकाण वसविण्यात आले. मुंबई सरकारचा मुक्काम उन्हाळ्यात महाबळेश्वरी व पावसाळ्यात पुण्यास असे. मुसळधार पावसाच्या दिवसांत महाबळेश्वर जवळजवळ रिकामे होई आणि घरांच्या भिंतींना गवताचे आच्छादन बांधले जाई. पावसाळ्यात डोंगर सोडून खाली येणे हाच राज्यकर्त्यांचाही परिपाठ होता. पावसाळ्यात मौजेसाठी डोंगराकडे जाणे ही त्यामानाने अगदी अलीकडची रीत आहे.

निजामी राजवटीतील मराठवाडा : रस्ते, बसगाड्या आणि जंगल

मराठवाड्यात परिस्थिती वेगळी होती. नांदेड व आजचा लातूर जिल्हा हे हैदराबाद संस्थानात होते. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. बालाघाटच्या रांगा, मांजरा, तेरणा व गोदावरीची खोरी आणि उत्तरेस पैनगंगेच्या काठचे डोंगर असा हा प्रदेश. येथील मार्गबंदी मुख्यत्वे काळ्या जमिनीमुळे व पुरामुळे होई. पावसात चिकण झालेल्या काळ्या मातीत बैलगाडीची चाके रुतत व आठ महिने चालणारी वाट चार महिने नाहीशी होई. ‘बारमाही रस्ता’ या शब्दाला मराठवाड्यात आजही जे मोल आहे, ते या अनुभवातून आलेले आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे उद्दिष्टही बारमाही रस्त्यांनी खेडी जोडणे हेच होते.

या कोंडीवर पहिला उपाय रेल्वेने केला. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० मध्ये नांदेडमार्गे मनमाडपर्यंत पूर्ण झाली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट १९०६ मध्ये पंढरपूरला व १९११ मध्ये लातूरला पोहोचली. त्यामुळे पावसाळ्यातील यात्रेकरूला प्रथमच चिखलावर अवलंबून नसलेली वाट मिळाली. त्यानंतर १९३२ मध्ये निजाम राज्य रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. खाजगी वाहन नसलेल्या माणसालाही दूरच्या ठिकाणी पोहोचता यावे, ही कल्पना या भागात अशा रीतीने स्वातंत्र्यापूर्वीच रुजली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे येथील बससेवा राज्य परिवहन महामंडळाच्या कक्षेत आली.

रस्ते उघडत असतानाच जंगल मात्र बंद होत होते. माहूर ज्या किनवट भागात मोडे, तो तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. या जिल्ह्यात राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा गोंड व कोलाम यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा, चराई व शेती बेकायदेशीर ठरली. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम यांनी केलेल्या उठावाचे मूळ या प्रश्नात होते. त्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करविला व पुढे अनेक गोंड कुटुंबांना जमिनींचे पट्टे देण्यात आले. तरीही फसली १३५५ चा, म्हणजे १९४५-४६ च्या सुमाराचा, हैदराबाद वन कायदा वनखात्याच्या अधिकारांवरच उभा होता. स्वातंत्र्यानंतर वनक्षेत्रातील प्रवेशाचा हाच साचा भारतीय वन अधिनियम १९२७ व वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ यांच्या आधारे चालू राहिला. परंपरागत वाटांचा व उपयोगाचा हक्क कायद्याने मान्य होण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जंगलातील बंदीला ऋतू नव्हता. ती बारमाही होती व तिच्यात पर्यायी वाटेचा विचार नव्हता. चातुर्मासाच्या बंदीविरुद्ध कोणी उठाव केल्याचे इतिहास सांगत नाही. जंगलबंदीविरुद्ध मात्र झाला.

माहूरची यात्रा : रस्ता बंद, गड खुला

माहूरगड हे रेणुकामातेचे क्षेत्र साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते. रेणुकेचे मंदिर, दत्तशिखर व अनसूयामातेचे शिखर अशी वेगवेगळ्या टेकड्यांवरील स्थाने, शेजारचा किल्ला, लेणी आणि भोवतालचे अरण्य यांमुळे हे ठिकाण एकाच वेळी तीर्थ, दुर्ग व वनक्षेत्र आहे. येथील गर्दीचे दोन प्रमुख प्रसंग आहेत. एक आश्विनातील शारदीय नवरात्र व दुसरा श्रावणातील राखी पौर्णिमेची परिक्रमा यात्रा. मार्गशीर्षातील दत्तजयंतीलाही मोठी गर्दी होते.

यांपैकी परिक्रमा यात्रा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ती भर पावसाळ्यात होते. मराठवाडा, विदर्भ व तेलंगणातून आलेले भाविक डोंगर व जंगल यांतून ओल्या वाटेने पायी प्रदक्षिणा घालतात. आधुनिक पर्यटन व्यवस्थापनाच्या चष्म्यातून पाहिले, तर अशी यात्रा बंद करण्याची सर्व कारणे येथे हजर आहेत : निसरडी वाट, अरुंद घाट, प्रचंड गर्दी आणि अरण्य. तथापि येथे वेगळा मार्ग निघाला. यात्रेच्या दिवसांत खाजगी वाहने पायथ्याशी थांबवायची व गडावर भाविकांची ने-आण राज्य परिवहनच्या बसगाड्यांनी करायची, ही पद्धत प्रचलित झाली. चालणाऱ्यांना चालण्याची वाट मोकळी राहते आणि अशक्त, वृद्ध व लेकुरवाळ्या स्त्रियांना बस मिळते.

नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंग गडावरही चैत्रोत्सवात व नवरात्रात नांदुरीपासून पुढे खाजगी वाहनांना मनाई करून बसगाड्या सोडल्या जातात. त्यामुळे ही पद्धत केवळ एका क्षेत्राची लहर नाही, असे म्हणता येते. तिचे तीन विशेष सांगता येतील. पहिला, बंदी वाहनाला आहे, माणसाला नाही. दुसरा, तिची मुदत यात्रेच्या तिथीशी बांधलेली असल्याने ती आधीच माहीत असते. तिसरा, जी वाट बंद केली तिच्या बदल्यात शासन स्वतः दुसरी वाट पुरविते. श्रीमंताची मोटार व गरिबाचे पाय यांना या पद्धतीत समान न्याय मिळतो.

या पद्धतीच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. बसगाड्यांच्या रांगा, घाटातील अरुंद वळणे व यात्रेवर उपजीविका असलेल्या खाजगी वाहनचालकांचे नुकसान हे प्रश्न खरे आहेत. तरीही देवीचे दर्शन कोणासही नाकारले जात नाही, ही तिची मुख्य बाजू आहे. याउलट, कोरोनाच्या साथीत मार्च २०२० पासून मंदिरे बंद झाली तेव्हा दर्शनच थांबले. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, खुली झाली. असाधारण संकटातही बंदी उठण्याचा दिवस लोकांच्या पंचांगातील दिवसाशी जुळविला गेला, हे अर्थपूर्ण आहे.

माथेरान : बंदीची जाहीर दिनदर्शिका

माहूरच्या पद्धतीशी मिळते उदाहरण रायगड जिल्ह्यातील माथेरानचे आहे. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना पूर्वापार बंदी असून वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. १९०७ मध्ये सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या प्रयत्नाने सुरू झालेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे दरवर्षी जूनच्या मध्यास बंद होते व पावसाळा संपल्यावर पुन्हा धावू लागते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. पावसाळ्यात नेरळहून गाडी नसली, तरी अमन लॉज ते माथेरान या वरच्या टप्प्यावर गाडी चालविण्याची प्रथा आहे व पायी जाणाऱ्यास वाट मोकळीच असते. रूळ बंद होतात, डोंगर बंद होत नाही. बंदीचे कारण लोकांना पटते, कारण त्यांना ते डोळ्यांनी दिसते.

पावसाळी भ्रमंती आणि मनाई आदेश

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात डोंगराकडे पाहण्याची दृष्टी पालटली. गो. नी. दांडेकर यांच्या लेखनाने व दुर्गभ्रमणाने मध्यमवर्गीय तरुणांना किल्ल्यांची ओढ लावली. मुंबईत १९५४ मध्ये ‘गिरिविहार’सारखी संस्था स्थापन झाली. पुढे द्रुतगती मार्ग, मोटारसायकली आणि भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे यांमुळे पावसाळा हाच डोंगराचा हंगाम बनला. चातुर्मासाचे पंचांग उलटे झाले. पूर्वी ज्या महिन्यांत वाटा ओस पडत, त्याच महिन्यांत आता धबधब्यांखाली गर्दी होते. नांदेड व यवतमाळ यांच्या सीमेवरील पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्यापासून लोणावळ्याच्या भुशी धरणापर्यंत हेच दृश्य आढळते.

या बदलाबरोबर दुर्घटनाही आल्या. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात अनेक पर्यटनस्थळी निर्बंध लागू करण्यात आले. त्याच जुलैत रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहू लागल्यावर गडावर जाण्यास काही काळ मनाई करण्यात आली. भोर व महाड यांना जोडणारा वरंध घाट अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यात वारंवार वाहतुकीस बंद ठेवला जातो. प्रशासनाची अडचण येथे समजून घेतली पाहिजे. अंदाज काही तास आधी येतो, मनुष्यबळ तोकडे असते आणि अडकलेल्यांना सोडविताना बचाव पथकांचे प्राणही पणास लागतात. सरसकट बंदी हा त्यातल्या त्यात सोपा उपाय ठरतो.

परंतु अलीकडच्या मोठ्या आपत्तींकडे पाहिले असता एक वेगळीच वस्तुस्थिती समोर येते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे १५१ जण दरडीखाली गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला व आंबेनळी घाट जागोजागी खचला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातील इर्शाळवाडी गाडली गेली. या तिन्ही ठिकाणी मरण पावलेले लोक पर्यटक नव्हते. ते आपल्या घरांत होते. पर्यटकांवरील मनाई आदेशांच्या कक्षेत ते येतच नव्हते. इर्शाळवाडीस वाहन जाईल असा रस्ता नसल्याने बचाव पथकांना अंधारात, पावसात पायी चढून जावे लागले. डोंगरावर येणाऱ्याला रोखणारा आदेश एका दिवसात निघतो. डोंगरावर राहणाऱ्याला सुरक्षित वाट मिळण्यास पिढ्या जातात. मार्गबंदीच्या चर्चेत ही विषमता फारशी येत नाही.

त्यात आणखी एक आर्थिक बाजू आहे. किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाड्यांतून पिठले-भाकरी, भाजलेले मक्याचे कणीस व चहा यांवर काही महिन्यांची कमाई होते. बंदी केव्हा लागेल व केव्हा उठेल हे न कळल्यास शहरातील माणसाचा एक रविवार वाया जातो. वाडीतील कुटुंबाचा मात्र हंगाम वाया जातो.

कायद्याची चौकट

मनाई आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ च्या कलम १४४ अन्वये काढले जात. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले. जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या अशा आदेशाची मुदत सामान्यतः दोन महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. रस्त्यावरील वाहतुकीपुरते नियंत्रण करावयाचे असल्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ११५ उपलब्ध आहे. त्यानुसार महिन्याहून अधिक काळाच्या निर्बंधास राजपत्रात अधिसूचना लागते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ नेही जिल्हा प्राधिकरणास व्यापक अधिकार दिले आहेत.

या कलमांचे स्वरूप वेगळे आहे. कलम ११५ वाहनाला थांबविते. कलम १६३ माणसाला थांबवू शकते. दुसऱ्या प्रकारच्या आदेशाने संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील संचारस्वातंत्र्यावर थेट मर्यादा येते. सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत कारणे दिली पाहिजेत व निर्बंध उद्दिष्टाच्या प्रमाणात असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. ते प्रकरण डोंगराविषयी नव्हते. तथापि त्यातील तत्त्व डोंगरी वाटांवरील आदेशांनाही लागू पडते. संपूर्ण तालुक्यातील ‘सर्व गड, धबधबे व धरणे’ एकाच ओळीत बंद करणारा आदेश या कसोटीवर तपासला जाणे आवश्यक आहे.

हिमप्रदेशातील अनुभव

तुलनेसाठी हिमप्रदेशाचे दोन अनुभव उपयुक्त आहेत. पहिला आपल्याच देशातील आहे. केदारनाथाचे मंदिर भाऊबीजेला बंद होते, पुढील वर्षी ते उघडण्याची तिथी महाशिवरात्रीला जाहीर होते आणि हिवाळाभर देवाची पूजा खाली उखीमठ येथे चालते. भक्ताला वर जाता येत नाही म्हणून देवच खाली येतो. बंदीची तिथी, उघडण्याची तिथी व पर्यायी दर्शन या तिन्ही गोष्टींची व्यवस्था त्यात आहे.

दुसरा अनुभव कॅनडातील रॉजर्स खिंडीचा आहे. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर हिमप्रपात कोसळू नये म्हणून तेथे तोफांच्या माऱ्याने वरच्या उतारांवरील बर्फ मुद्दाम पाडतात. त्याच उतारांवर स्कीइंग करणारेही येतात. संपूर्ण डोंगर बंद करण्याऐवजी तेथे उतारांचे विभाग पाडले आहेत. काही विभाग कायम बंद, काही खुले आणि काही रोज सकाळच्या परिस्थितीनुसार उघडे वा बंद ठरविले जातात. जाणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो व त्या दिवशीची स्थिती पाहूनच पाऊल टाकावे लागते. साधने आधुनिक आहेत; तत्त्व मात्र माहूरच्या पायथ्याशी दिसणारेच आहे. काय बंद आहे, कोणासाठी व केव्हापर्यंत, हे तेथे स्पष्ट असते.

११ जुलै २०२५ रोजी रायगडासह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यामुळे या स्थळी येणाऱ्यांची संख्या वाढणार व पावसाळी नियमनाचा प्रश्न अधिक तीव्र होणार, हे उघड आहे.

निष्कर्ष

१. ऋतूनुसार होणारी मार्गबंदी ही महाराष्ट्राच्या समाजजीवनातील जुनी व मान्य गोष्ट आहे. तिला विरोध झाला नाही, कारण तिची सुरुवात व शेवट ज्ञात होता आणि तिच्याबरोबर वाटही राखली जाई.

२. १८१८ नंतरचा दुर्गांच्या वाटांचा नाश आणि निजामी काळातील जंगलबंदी यांनी प्रवेशाचा प्रश्न ऋतूकडून सत्तेकडे नेला. जेथे पर्याय व मुदत नव्हती तेथे संघर्ष उभा राहिला.

३. माहूर, सप्तशृंग व माथेरान यांच्या अनुभवांवरून रस्ता किंवा वाहन बंद करूनही डोंगर लोकांसाठी खुला ठेवता येतो, असे दिसते. सार्वजनिक वाहतूक हे त्याचे मुख्य साधन आहे.

४. मनाई आदेशात बंदीचे नेमके स्थळ, तिची मुदत व ती उठविण्याचा निकष, उदाहरणार्थ पर्जन्यमान, नदीची पातळी किंवा दरडीची तपासणी, नमूद असावा. पायवाट, घाटरस्ता व पाण्याची जागा यांसाठी एकच आदेश पुरेसा ठरत नाही.

५. पायथ्याच्या व डोंगरातील रहिवाशांची सुरक्षितता, त्यांचा पावसाळ्यातील मार्ग व त्यांची उपजीविका यांचा विचार हा कोणत्याही मार्गबंदीचा पहिला भाग असला पाहिजे. पर्यटकाचा विचार त्यानंतरचा आहे.

पावसाळ्यात डोंगर धोकादायक असतो, याविषयी दुमत नाही. जुन्या समाजाने तो धोका ओळखूनच चातुर्मास पाळला, पण त्याच चातुर्मासाच्या पोटात आषाढीची वारी व श्रावणातील माहूरची परिक्रमाही चालू ठेवली. वाट केव्हा मिटावी हे ठरविताना ती केव्हा व कशी उघडेल, हेही त्याच वेळी सांगणे ही त्या परंपरेची शिकवण आहे. मराठवाड्यातील एका डोंगरी तीर्थाने ती आजवर टिकविली आहे. सह्याद्रीतील नियमनाने तिच्याकडे लक्ष दिल्यास सुरक्षितता व सार्वजनिक प्रवेश यांचा मेळ घालणे अशक्य नाही.